बदलीनंतरची नवी शाळा: धाकटा फाटकाशी रडतो, मोठी काही सांगत नाही

दोन दप्तरे

नमस्कार. नोकरीतील बदलीमुळे मी माझ्या दोन मुलांना घेऊन नुकतीच नव्या शहरात राहायला आले आहे. मुलगा चार वर्षांचा असून बालवर्गात आहे, तर मुलगी सात वर्षांची असून दुसरीत आहे. त्यांच्या वडिलांची बदली अद्याप झालेली नसल्यामुळे ते केवळ सुट्टीच्या दिवशी येऊ शकतात आणि शाळेतून आणण्यापासून रात्री झोपवण्यापर्यंत आजवर मुलांचे सारे पाहणारी त्यांची आजीही मागेच राहिली आहे. मुलांच्या बाजूने पाहिले तर घर, शाळा, मित्र, आजी आणि बाबा हे सगळे एकाच वेळी बदलले किंवा दुरावले. बरोबर आली ती फक्त आई, आणि तिलाही नऊच्या ठोक्याला कामावर हजर व्हायचे असते.

शाळा सुरू होऊन अजून महिना पुरा झालेला नाही. धाकटा घरातून निघताना बरा असतो, परंतु फाटक दिसू लागले की माझा हात घट्ट धरतो आणि आत जायची वेळ आली की आकांत मांडतो. वर्गशिक्षिका त्याला कडेवर घेऊन आत जातात आणि पाच मिनिटांत तो शांत होतो असे सांगतात. शेजारच्या काकूंचे म्हणणे असे की, त्याचे लक्ष खेळण्यांकडे वळवावे आणि त्याच्या नकळत निघून यावे. माझे मन त्याला तयार होत नाही, पण फाटकाशी रेंगाळत राहिल्याने रोज कामावर उशीर होतो हेही खरे आहे. शाळेची भाषा त्याला जेमतेम समजते. घरी अखंड बडबडणारा हा मुलगा शाळेत तोंडातून शब्द काढत नाही. रात्रीचे अंथरूण पूर्वी कोरडे राहत असे, ते आता पुन्हा ओले होऊ लागले आहे. संध्याकाळी तर कोणत्या गोष्टीवरून रडू फुटेल याचा नेम नसतो. परवा मोज्याची शिवण बोटाला लागते एवढ्यावरून तो झोपेपर्यंत धुमसत होता.

मोठीचा मात्र काही त्रास नाही. ती स्वतःहून उठते, दप्तर भरते, भावाची पाण्याची बाटलीही भरून ठेवते. शाळेविषयी विचारले की "ठीक होती" एवढेच म्हणते. अधूनमधून सकाळी पोट दुखत असल्याची तक्रार करते, पण तरीही शाळेत जाते.

माझ्याकडे रजा मोजकीच शिल्लक आहे. ती एकदम घेऊन मुलांजवळ बसावे की पुरवून पुरवून वापरावी? धाकट्याचा निरोप कसा घ्यावा? त्याच्या न बोलण्याची चिंता करावी का? आणि त्याला या वर्षी शाळेतून काढून पुढच्या वर्षी घालावे, असा विचार मनात येतो, तो योग्य आहे का? अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

बालवर्गाच्या बाई

ताई, मी अनेक वर्षे बालवर्गाला शिकवीत आले आहे, त्यामुळे फाटकाच्या आतल्या बाजूने काय दिसते ते सांगते.

आधी शेजारच्या काकूंच्या सल्ल्याविषयी. मुलाच्या नकळत निघून जाऊ नका. त्या दिवशीचे रडणे कदाचित वाचेल, परंतु आई कोणत्याही क्षणी दिसेनाशी होऊ शकते हे मुलाला कळते आणि मग तो घरातही तुमच्यावर पाळत ठेवू लागतो. न्हाणीघराच्या दाराशी बसून राहणारी, झोपेतून दचकून उठून आई आहे ना हे पाहणारी मुले मी पाहिली आहेत, आणि चौकशी केली की बहुधा असा एखादा गुपचूप काढता पाय कळतो. निरोप घ्यायचा तो मुलाच्या डोळ्यांदेखत, थोडक्यात आणि रोज एकाच पद्धतीने. उदाहरणार्थ, एक पापी, ठरलेले एक वाक्य, त्याचा हात बाईंच्या हातात देणे आणि मागे वळून चालू लागणे. परत येऊन पुन्हा मिठी मारू नका, कारण रडण्याचा जोर वाढवला की आई परत येते हे त्याला एका सकाळीच उमगते आणि पुढचे अनेक दिवस तो तेच आजमावून पाहतो. तुमचा पाय निघत नाही हे मी समजू शकते, परंतु तुमचे रेंगाळणे त्याला धीर देत नाही. येथे काहीतरी घाबरण्यासारखे असावे, म्हणूनच आई जात नाही, असा अर्थ तो त्यातून काढतो.

"मी चार वाजता येईन" असे चार वर्षांच्या मुलाला सांगून उपयोग नसतो, कारण घड्याळ त्याच्यासाठी अजून भिंतीवरची एक वस्तू आहे. त्याला क्रम कळतो. "आधी गाणी, मग डबा, मग झोप, मग गोष्ट आणि गोष्ट संपली की तुला न्यायला येतील" असे सांगा, आणि कोण येणार आहे ते खरे सांगा. तुम्ही येणार नसाल आणि पाळणाघरातील मावशी येणार असतील, तर मावशींचेच नाव घ्या. शाळेचा दिवसाचा क्रम वर्गशिक्षिकेकडून लिहून घेतलात तर रात्री झोपताना तो त्याच्याकडून वदवून घेता येईल.

ओल्या अंथरुणाबद्दल एक गोष्ट आवर्जून विचारा. तो शाळेत लघवीला जातो का? नव्या शाळेत न रुळलेली कितीतरी मुले दिवसभर लघवी दाबून धरतात, कारण जागा ठाऊक नसते, दाराची कडी उघडता येत नाही, पाण्याच्या आवाजाची भीती वाटते किंवा कसे विचारायचे तेच येत नाही. काही मुले या भीतीने पाणीही पीत नाहीत, त्यामुळे शौचाला घट्ट होते, आणि बद्धकोष्ठ असले की मूत्राशयावरचा ताबा आणखी सुटतो. एखाद्या दिवशी शाळा सुटल्यावर त्याला घेऊन स्वच्छतागृहापर्यंत चालत जा, दार उघडून बंद करून दाखवा, आणि शाळेच्या भाषेतील एवढे एकच वाक्य पाठ करून घ्या. ते वाक्य बोलवेनासे वाटले तर बोटाने करायची एक खूण बाईंशी ठरवून टाका. भाषेचा पहिला धडा म्हणून दुसरे काहीही शिकवले नाही तरी चालेल.

पाच वर्षांच्या आत अंथरूण ओले होणे हा डॉक्टरांच्या लेखी आजार मानला जात नाही आणि मोठ्या बदलानंतर ही सवय काही काळ परतते. रागावू नका, मोठेपणाची आठवण करून देऊ नका, मेणकापड घालून ठेवा. मात्र लघवी करताना दुखत असेल, ताप असेल किंवा तहान आणि लघवी दोन्ही अचानक वाढली असतील, तर ती शाळेची गोष्ट नव्हे. त्यासाठी लगेच डॉक्टरांना दाखवावे.

घरातील एखादी लहानशी वस्तू त्याच्याजवळ राहू द्या. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात हे नेमके मांडले होते की, चादरीचा तुकडा किंवा मऊ खेळणे हे मुलाला आई आणि बाहेरचे जग यांच्यामधला दुवा म्हणून लागते. शाळेत खेळणी चालत नसतील तर तुमचा रुमाल खिशात ठेवायला कोणाची हरकत नसावी. तो धुऊ नका, वासाचे महत्त्व मोठे असते.

शाळेतून काढण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. घरी बसवले की भीती तेवढ्यापुरती शमते, पण पुढच्या वर्षी तीच भीती एक वर्ष अधिक मोठी होऊन फाटकाशी उभी राहते. त्यापेक्षा काही दिवस शाळेचे तास कमी करता येतील का ते विचारा. जर्मनीत पाळणाघरांसाठी १९८० च्या दशकात मुलांना हळूहळू रुळवण्याची बर्लिन पद्धत विकसित झाली. तिच्यात पहिले तीन दिवस पालक मुलाबरोबर थोडा वेळ आतच बसतात, निरोपाचा पहिला प्रयत्न चौथ्या दिवशी आणि तोही अगदी थोड्या वेळाचा असतो, आणि पुढचा काळ मुलाच्या प्रतिसादावर ठरतो. ती मुख्यतः तीन वर्षांखालील मुलांसाठी असली आणि प्रत्येक शाळेला परवडणारी नसली, तरी तिच्यातली एक गोष्ट सगळीकडे लागू पडते. मुलाला आधी एका माणसाचा विश्वास वाटावा लागतो, इमारतीचा विश्वास त्यानंतर येतो. म्हणून रोज सकाळी त्याला आत घेणारी व्यक्ती एकच असावी, एवढी मागणी नक्की करा.

आणि शिक्षिकेला "आज रडला का?" असे विचारू नका. रडण्याचे उत्तर तुम्हाला फाटकाशीच मिळालेले असते. शांत झाल्यावर त्याने काय केले, डबा किती खाल्ला, कोणाच्या शेजारी बसला, कशाकडे पाहून हसला, हे विचारा. रडून मग खेळायला लागणारे मूल आणि रडणे थांबवून कोपऱ्यात पुतळ्यासारखे बसून राहणारे मूल, ही दोन्ही "पाच मिनिटांत शांत झाला" या एकाच वाक्यात मावतात, परंतु त्यांच्यात फार अंतर असते.

सकाळची घाई

बाईंचे सगळे पटले. मी रजेच्या प्रश्नाचे उत्तर देते, कारण दर काही वर्षांनी बदली होणाऱ्या नोकरीत मी दोन मुले वाढवली आहेत.

रजा एकदम घेऊ नका. सलग आठवडाभर आई घरी राहिली की मुलांना तोच नवा नियम वाटतो आणि तो मोडताना पुन्हा पहिल्या दिवसाचे रडे सुरू होते. शक्य असेल तर अर्ध्या दिवसाच्या रजा मागा, आणि त्या सकाळच्या नव्हे तर दुपारच्या घ्या. मुलाला शाळेत सोडायला आई असणे जितके महत्त्वाचे आहे त्याहून, माझ्या मते, शाळा सुटल्यावर फाटकाशी आई दिसणे अधिक महत्त्वाचे आहे, कारण आई जाते हे त्याला रोज दिसतेच, ती परत येते हे दिसायला हवे. ठरावीक वारी आई न्यायला येते हे एकदा मुलांना ठाऊक झाले की इतर दिवस ती निभावून नेतात. कॅलेंडरवर त्या वाराला खूण करून ठेवा. वरिष्ठांशी बोलताना मोघम सवलत मागण्यापेक्षा अमुक महिन्यापर्यंत, अमुक वारी, अमुक वेळेला निघेन आणि ते काम अशा रीतीने भरून काढीन, असे लेखी द्या. ठोस मागणीला हो म्हणणे समोरच्यालाही सोपे जाते.

संध्याकाळच्या मोज्याच्या शिवणीविषयी तुम्ही लिहिले आहे, ते वाचून मला हसूही आले आणि कळलेही. दिवसभर परक्या ठिकाणी, परक्या भाषेत शहाण्यासारखे वागून मुले दमून येतात आणि जेथे रागावले तरी कोणी टाकणार नाही याची खात्री असते तेथेच ती फुटतात. मोज्याशी त्याचा संबंध नसतो. त्या वेळी समजूत घालू नका, प्रश्न विचारू नका, शिस्तीचे धडे तर मुळीच नकोत. पोटात काहीतरी जाऊ द्या, कपडे बदला, जवळ घेऊन बसा. तुमच्याही मेंदूत कार्यालय अजून चालू असते, म्हणून घरात शिरल्यावरची पहिली वीस-पंचवीस मिनिटे फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा नियम स्वतःला घालून घ्या. स्वयंपाक, धुणे, उद्याची तयारी हे सगळे त्यानंतर. तेवढा वेळ मुलांचा पुरता झाला की पुढचा तासभर ती आपल्या आपण खेळतात, असा माझा अनुभव आहे, आणि तो वेळ मी त्यांना दिला नाही तर मात्र ती सगळी संध्याकाळ पायात घुटमळतात.

झोपेकडेही पाहा. अमेरिकेतील निद्राविकारतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ साली दिलेल्या शिफारशीनुसार ३ ते ५ वर्षांच्या मुलांना दुपारच्या झोपेसह १० ते १३ तास आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते. उशिरा येणाऱ्या आईची वाट पाहत जागणाऱ्या मुलांची ती हमखास कमी पडते. सकाळच्या आकांतातला बराचसा भाग नुसत्या अपुऱ्या झोपेचा असू शकतो.

बाकी जागेचा पसारा अजून उघडायचा राहिला असेल तर राहू द्या. मुलांचे अंथरूण, त्यांची खेळणी आणि जेवायची जागा एवढे आधी लावा.

पूर्वीचा विद्यार्थी

माझे मत थोडे वेगळे आहे. माझ्या लहानपणी वडिलांच्या बदल्यांमुळे मी चार शाळा पाहिल्या, आणि कोणीही माझ्या मनाची इतकी चौकशी केली नाही. मुले आपोआप रुळतात. आपण त्यांच्या प्रत्येक हुंदक्याचा अर्थ लावत बसलो तर त्यांनाही आपले काहीतरी बिघडले आहे असे वाटू लागते. ताईंनी स्वतःची तब्येत सांभाळावी आणि थोडा काळ जाऊ द्यावा.

शांत कोपरा

वरच्या मताशी मी अर्धा सहमत आहे. बहुतेक मुले रुळतात हे खरे आहे आणि आईने प्रत्येक सकाळी चेहऱ्यावर काळजी घेऊन फाटकाशी उभे राहणे मुलाच्या हिताचे नाही, हेही खरे आहे. परंतु कोणीही न विचारता रुळलेली मुले कितपत रुळली होती हे सांगायला नंतर कोणी जात नाही. मी शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करतो आणि ताई, तुमचा मजकूर वाचताना मला धाकट्यापेक्षा मोठीची काळजी अधिक वाटली.

धाकटा जे करतो आहे ते त्याच्या वयाला साजेसे आहे. आईपासून दुरावलेल्या लहान मुलांचे निरीक्षण करून जॉन बोल्बी आणि जेम्स रॉबर्टसन या ब्रिटिश अभ्यासकांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तीन टप्पे नोंदवले होते. आधी मूल आरडाओरडा करून विरोध करते, मग निराश होऊन गप्प होते, आणि शेवटी अलिप्त होते. हा शेवटचा टप्पा बाहेरून पाहणाऱ्याला मूल "सुधारले" असा दिसतो. त्यांनी पाहिलेली मुले रुग्णालयात किंवा संगोपनगृहात दीर्घकाळ आईवेगळी राहिलेली होती, रोज संध्याकाळी आईकडे परतणाऱ्या मुलांना ते जसेच्या तसे लावू नये. तरीही आवाज करणाऱ्या मुलाला मदत मागता येते आहे आणि आवाज न करणाऱ्याविषयी आपण चौकशी करायला हवी, एवढा धडा त्यातून घेता येतो.

तुमची मुलगी सात वर्षांची आहे. या वयात आईपासून दूर राहण्याचे दुःख कमी आणि मैत्रिणी गमावल्याचे दुःख मोठे असते. चार वर्षांच्या मुलाला कोणाही शेजारच्या मुलाबरोबर खेळता येते, पण दुसरीतल्या वर्गात जोड्या आधीच जमलेल्या असतात आणि मधल्या सुट्टीत कोणाजवळ जाऊन उभे राहायचे हा नव्या मुलीपुढचा रोजचा प्रश्न असतो. शिवाय आई एकटी आहे, दमते आहे, भाऊ रडतो आहे, हे तिला सगळे दिसते. त्यामुळे आपण आणखी एक त्रास होऊ नये असे तिने मनाशी ठरवलेले असणे शक्य आहे. सकाळचे पोटदुखणे खोटे नसते. मुलांना काळजी खरोखरच पोटात जाणवते. सुट्टीच्या दिवशी पोट दुखत नाही, फक्त शाळेच्या दिवशी दुखते, असे आढळले तर तुम्हाला दिशा मिळेल. दुखण्याने रात्री झोपमोड होत असेल, वजन घटत असेल किंवा उलट्या होत असतील, तर मात्र आधी डॉक्टर.

तिच्याकडून उत्तरे काढायची असतील तर समोर बसवून विचारू नका. चालताना, कपड्यांच्या घड्या घालताना, दिवा मालवल्यावर अंधारात, म्हणजे जेथे एकमेकांच्या डोळ्यांत पाहावे लागत नाही तेथे मुले बोलतात. "शाळा कशी होती?" या प्रश्नाला "ठीक" हेच उत्तर असते. "आज मधल्या सुट्टीत तू कोठे होतीस?" या प्रश्नाला ठिकाण सांगावे लागते. आणि आठवड्यातून थोडा वेळ धाकट्याला कोणाकडे तरी सोपवून तिच्या एकटीबरोबर घालवा. भावाची बाटली भरणे कौतुकाचे आहे, पण काही दिवस ते काम तिच्याकडून काढून घ्या, तेही "तू मोठी आहेस" हे शब्द न वापरता.

आता भाषेविषयी, हे दोघांनाही लागू आहे. नवी भाषा कानावर पडू लागली की अनेक मुले सुरुवातीला केवळ ऐकतात. हा मौनाचा काळ काही आठवड्यांचा असतो, कधी काही महिन्यांचाही असतो, आणि त्या काळात मूल खुणांनी व्यवहार करीत असेल, सूचना समजून त्याप्रमाणे वागत असेल, इतरांच्या खेळाकडे लक्ष देत असेल, तर शिकणे चालू आहे असे समजावे. बोलण्याचा आग्रह धरला की हा काळ लांबतो. घरी आपली भाषा सोडून शाळेची भाषा बोलू लागा, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. तो मानू नका. ज्या एका ठिकाणी मुलांना आपले म्हणणे पुरेपूर मांडता येते तेही ठिकाण त्यांच्याकडून काढून घेण्यात शहाणपण नाही, आणि पहिली भाषा पक्की असल्याचा दुसरीला फायदाच होतो. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांच्या मांडणीनुसार रोजच्या बोलण्यापुरती नवी भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण अभ्यासाची भाषा समवयस्कांच्या तोडीची व्हायला पाच ते सात वर्षे लागू शकतात. तेव्हा मुलीच्या पहिल्या परीक्षेतील गुण पाहून तिच्या बुद्धीविषयी कोणताही निष्कर्ष काढू नका आणि शाळेलाही काढू देऊ नका.

धाकट्याच्या मौनाला नाव देण्याची घाई नको. घरी बोलणारे मूल शाळेसारख्या ठिकाणी बोलूच शकत नाही, त्याला निवडक मौन म्हणतात. या विकाराचे निदान करताना लक्षणे किमान एक महिना टिकलेली असावी लागतात, त्यात शाळेचा पहिला महिना धरत नाहीत, आणि भाषा येत नसल्यामुळे असलेले मौन त्यातून वगळतात. तुमचा मुलगा या तिन्ही निकषांत अजून बसत नाही. पहिले सत्र संपत आले तरी तो खुणाही करीत नसेल, ओळखीच्या भाषेतही घराबाहेर गोठून जात असेल, तर तज्ज्ञांची भेट घ्या.

दोन दप्तरे

सर्वांचे मनापासून आभार. लिहिल्यानंतर काही गोष्टी केल्या, त्या सांगते.

निरोप आता फाटकाशी न घेता थोडे अलीकडे, झाडाखाली घेतो आणि मग मी त्याचा हात त्याच्या बाईंच्या हातात देऊन निघते. तो रडतोच, पण मी वळले की थांबतो असे फाटकावरच्या रखवालदारांनी सांगितले. येथे उत्तर देणाऱ्या बालवर्गाच्या बाईंनी विचारायला सांगितलेले शाळेत विचारले आणि तो खरोखरच दिवसभर लघवीला जात नव्हता. दाराची कडी त्याच्या हाताला पोहोचत नाही. शाळेने दार नुसते लोटून घ्यायची परवानगी दिली आहे आणि खूण ठरली आहे.

मोठीविषयी वाचून मात्र मी हादरले. तिला अंधारात विचारले तेव्हा ती म्हणाली की मधल्या सुट्टीत ती पाण्याच्या नळापाशी असते, कारण तेथे रांग असते आणि रांगेत उभे राहिले की कोणी काही विचारत नाही. तिच्या खरड वहीच्या मागच्या पानावर मला वर्गातील मुलींची नावे सापडली. कोण कोणाबरोबर डबा खाते, कोणाची कोणाशी कट्टी आहे, कोणाला लंगडी आवडते, असे सगळे बाणांनी जोडलेले आहे. त्या जाळ्यात तिचे स्वतःचे नाव कोठेही नाही. मी ती वही पाहिली हे तिला सांगावे का? आणि तिच्या शिक्षिकेला सांगावे का?

शांत कोपरा

वही पाहिल्याचे सांगू नका, निदान आत्ता नको. ती तिची खासगी जागा आहे आणि सध्या तिच्याकडे अशा जागा थोड्याच आहेत. पाण्याच्या नळाची गोष्ट तिने स्वतः तुम्हाला सांगितली आहे, बोलायला तेवढी पुरेशी आहे. शिक्षिकेलाही तीच सांगा, पण मुलीला विचारून सांगा, आणि वर्गासमोर "हिच्याशी खेळा" असे जाहीर करू नये अशी विनंती करा. त्याने मूल दयेचा विषय होते. त्याऐवजी मधल्या सुट्टीच्या आधी दोघींनी मिळून करायचे एखादे काम तिला आणि आणखी एका मुलीला द्यावे, वह्या वाटणे किंवा फळा पुसणे असे काहीही. काम संपेपर्यंत सुट्टी सुरू झालेली असते आणि दोघी एकत्रच बाहेर पडतात.

त्या पानाकडे मी केवळ दुःख म्हणून पाहणार नाही. नव्या ठिकाणी आधी नीट निरीक्षण करून मग पाऊल टाकणारी मुले असतात. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञांनी १९५६ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेल्या, मुलांच्या स्वभावाच्या दीर्घ अभ्यासात हळूहळू खुलणाऱ्या स्वभावाची मुले सुमारे १५ टक्के आढळली होती. तुमच्या मुलीने वर्गाचा नकाशा काढून ठेवला आहे, तिला आता त्यात शिरायला एक वाट हवी आहे. ज्या मुलीला दोनच बाण जोडलेले असतील किंवा जिची नुकतीच कोणाशी तरी कट्टी झाली असेल, तिच्याविषयी गप्पांच्या ओघात विचारून पाहा. मुलगी तयार असेल तर त्या एकाच मुलीला, तिच्या पालकांशी बोलून, सुट्टीच्या दिवशी तास-दीड तासासाठी घरी बोलवा. चौघी-पाचजणींना एकदम बोलावले तर त्या आपापसात खेळतात आणि यजमान मुलगी पाण्याचे पेले भरत राहते. वेळ मुद्दाम थोडा ठेवा, म्हणजे कंटाळा यायच्या आत पाहुणी घरी जाईल.

सकाळची घाई

आणि त्या तासाभरात धाकट्याला तुम्ही बाहेर फिरवून आणा. तो घरी असला तर ती पुन्हा ताई होऊन बसेल.